गाडी एका बाजूस का ओढते?

दक्षिण महाराष्ट्रातील व्यापारी आणि शेतकरी कुटुंबांत पिकअप हे वाहन घरातील कर्त्या मुलाइतकेच राबत असते. सांगलीच्या पेठेतील हळद, तासगावचा बेदाणा, शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील भाजीपाला, किराणा दुकानाचा माल, सिमेंटची पोती, लग्नकार्याची भांडी असे सारे काही त्याच्या हौद्यातून ये-जा करते. दहा-बारा वर्षे सेवा झालेले असे वाहन एके दिवशी हळूच एका बाजूस ओढू लागते. चालक सांगतो, “आण्णा, गाडी डावीकडं वढतीया.” मालकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते, “जरा धरून चालव. पुढच्या महिन्यात अलाइनमेंट करून घेऊ.”

या उत्तरात दोन गैरसमज एकत्र नांदतात. धरून चालवणे हा उपाय आहे, हा पहिला. आणि ओढणाऱ्या गाडीवर अलाइनमेंट हेच औषध आहे, हा दुसरा. वस्तुतः ओढणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आलेल्या माणसाचा ताप केवळ उतरवला म्हणून तो बरा होत नाही, तसेच हे आहे. जुन्या पिकअपमध्ये या लक्षणामागे चाकातील कमी हवेपासून तुटलेल्या बोल्टापर्यंत काहीही असू शकते. त्यांतील काही कारणे फुकटात दूर होतात, तर काहींकडे दुर्लक्ष केल्यास जिवावर बेतते. भाजीने भरलेली गाडी रात्री वाशीच्या बाजाराकडे निघते, बोरघाट उतरताना पाऊस लागतो, पुढचा ट्रक एकाएकी थांबतो आणि चालक जोराने ब्रेक दाबतो. महिनाभर ‘जरा’ ओढणारी गाडी त्या क्षणी किती ओढेल, हे कोणासही आधी सांगता येत नाही. म्हणून तपासणीला एक क्रम असावा : आधी बिनखर्चाचे, मग अल्पखर्चाचे, आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी.

तक्रार नेमकी कोणती?

‘गाडी ओढते’ या एकाच वाक्यात चालक तीन-चार निरनिराळ्या गोष्टी सांगत असतो. सरळ रस्त्यावर हात सैल केला की गाडी ठरावीक बाजूस सरकू लागते, हे खरे ओढणे. गाडी सरळच जाते, परंतु स्टीअरिंगचे चाक तिरके राहते, हा वेगळा दोष. गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते आणि चालकास सतत सावरावे लागते, ही सांध्यांच्या ढिलाईची खूण. स्टीअरिंग थरथरते, ही बहुधा चाकाच्या असंतुलनाची किंवा झिजलेल्या सांध्याची तक्रार. या चारही तक्रारी एकत्र नांदू शकतात. पण तपासणाऱ्याने त्या मनात वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

त्यानंतरचा प्रश्न वेळेचा. गाडी सतत ओढते, की फक्त ब्रेक दाबल्यावर? रिकामी असताना ओढते, की भरल्यावरच? खड्ड्यात जोराने आदळल्यानंतर ओढू लागली, की टायर बदलल्यानंतर? दहा-वीस किलोमीटर गेल्यावर ओढणे वाढते काय? या प्रश्नांची उत्तरे चालकाखेरीज कोणाजवळही नसतात. कुशल मिस्त्री पाना उचलण्याआधी चालकाशी पाच मिनिटे बोलतो. ती पाच मिनिटे पुढचे अनेक तास वाचवतात.

रस्त्याचा उतार आणि चाकातील हवा

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता सपाट केलेला नसतो. डांबरी रस्त्याला साधारणतः २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० फुटांना सुमारे २ फूट, असा आडवा उतार दिलेला असतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जातात आणि तो उतारही डावीकडेच असतो. त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हात सोडल्यास सावकाश डावीकडे कलते. हे कलणे म्हणजे दोष नव्हे. परीक्षा घ्यायची ती सपाट, मोकळ्या जागेवर. मोठ्या गोदामाचे आवार किंवा रिकामे मैदान त्यास उत्तम. तेथे मंद गतीने एकदा एका दिशेने आणि मग त्याच रेषेवरून उलट दिशेने गाडी न्यावी. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे सरकली तर दोष जमिनीच्या उताराचा. दोन्ही वेळा एकाच हाताला सरकली तर दोष गाडीचा. हात स्टीअरिंगपासून पूर्ण दूर न नेता केवळ पकड सैल करावी, आणि ही परीक्षा वाहत्या रस्त्यावर कधीही करू नये.

पुढची पायरी हवेची. ज्या बाजूच्या पुढच्या चाकात हवा कमी, त्या बाजूस गाडी ओढते. कारण तो टायर अधिक दबतो आणि त्याला लोळण्यास अधिक विरोध होतो. हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. प्रवासानंतर गरम टायरमधील दाब वाढलेला असतो आणि मोजमाप फसवते. पिकअपमध्ये पुढच्या व मागच्या चाकांचे दाब वेगळे असतात आणि रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठीही वेगळे सांगितलेले असतात. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत ते आकडे असतात. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर विसंबण्याऐवजी घरात एक चांगला दाबमापक ठेवावा. एकाच चाकातील हवा पुनःपुन्हा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह, रिमची कड आणि बारीक पंक्चर पाहावे. नुसती हवा भरत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

टायरची अदलाबदल

हवा बरोबर असूनही ओढणे राहिले तर संशय टायरवर जातो. येथे स्वयंपाकघरातील एक प्रयोग सर्व काही समजावून सांगतो. तळाशी निमुळता असलेला स्टीलचा पेला जमिनीवर आडवा करून ढकलावा. तो सरळ जात नाही. निमुळत्या बाजूकडे वळत वर्तुळात फिरतो. टायरच्या आतील तारांचा पट्टा बनवताना किंचित एका कडेस सरकलेला असला, किंवा टायर एका कडेने अधिक झिजला, तर तो टायर बाहेरून गोल दिसूनही पेल्यासारखा वागतो. रेडियल टायरमध्ये हा दोष विशेष आढळतो आणि अगदी नव्या टायरमध्येही असू शकतो. म्हणूनच ‘टायर तर कालच घातले’ हे कारण टायरला निर्दोष ठरवण्यास पुरेसे नाही.

याची परीक्षा सोपी आहे. पुढची दोन्ही चाके डावी-उजवी अदलाबदल करावी आणि त्याच जागेवर पुन्हा गाडी चालवून पाहावी. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा. ओढणे नाहीसे झाले तरी टायरचाच हात होता असे समजावे. दिशा तीच राहिली तर टायर सुटला, पुढे पाहावे. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो असा उलट बाजूस कायम ठेवता येत नाही. अशा वेळी पुढचे-मागचे टायर त्याच बाजूला बदलून पाहावेत, मात्र चारही चाकांचे माप एकच असले पाहिजे.

जुन्या पिकअपमध्ये आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. एका बाजूस रेडियल, दुसऱ्या बाजूस नायलॉन टायर. किंवा एक नवा आणि एक गुळगुळीत. पैसे वाचवण्यासाठी एकच टायर बदलला जातो आणि गाडीचे दोन्ही पाय निराळ्या उंचीचे होतात. एका आसावरील दोन्ही टायर एकाच बनावटीचे, मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावेत. रेडियल आणि नायलॉन टायर एका आसावर कधीही एकत्र नसावेत. रिमोल्ड केलेले टायर पुढच्या चाकांना घालू नयेत. स्टीअरिंगचा आणि ब्रेकचा मोठा भार त्यांच्यावरच पडतो.

तापलेले चाक

गाडी ओढण्याच्या कारणांत सर्वांत धोकादायक कारण ब्रेकचे. त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची लक्षणे भिन्न आहेत.

पहिल्या प्रकारात ब्रेक सोडल्यावरही एक चाक पूर्ण मोकळे होत नाही. ते सतत घासत राहते, म्हणून गाडी त्या बाजूस ओढते आणि अंतर वाढेल तसे ओढणे वाढते. अशा गाडीने शक्यतो ब्रेक न लावता दहा किलोमीटर जाऊन यावे आणि थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ तळहात न्यावा. हात लावू नये, भाजण्याचा धोका असतो. केवळ जवळ नेला तरी आच कळते. इतरांहून अधिक तापलेले चाक हेच दोषी चाक. मग त्या चाकाखाली जॅक लावून ते हाताने फिरवून पाहावे. ते अडत असेल, तर ब्लीडिंग निपल सैल करावा. निपल सैल करताच चाक मोकळे झाले तर ब्रेक ऑइलचा दाब आत अडकून बसला आहे असे कळते. अनेकदा याचे कारण जुनी रबरी नळी असते. ती बाहेरून धड दिसते, पण आतून फुगलेली असते. ऑइल जाऊ देते, परतू देत नाही. निपल सैल करूनही चाक अडले तर कॅलिपरच्या पिना गंजल्या असतील, पिस्टन अडकला असेल, किंवा ड्रम ब्रेकमध्ये स्प्रिंग तुटली असेल. मागच्या चाकांबाबत हँडब्रेकची केबलही पाहावी. चिखल आणि गंज यांनी ती आत जखडते.

दुसऱ्या प्रकारात गाडी एरवी सरळ जाते, पण ब्रेक दाबताच एका बाजूस झेपावते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. उजवीकडे झेपावणाऱ्या गाडीचा उजवा ब्रेक बिघडलेला असेलच असे नाही. बहुधा तोच बरोबर काम करीत असतो आणि डावा काम करीत नसतो. डाव्या चाकाच्या लायनरवर हबचे ग्रीस उतरलेले असेल, व्हील सिलिंडरमधून ऑइल पाझरले असेल किंवा पिस्टन जाम झाला असेल. म्हणून दोन्ही बाजू उघडून पाहाव्यात आणि दुरुस्तीही दोन्ही बाजूंची एकदम करावी. एका बाजूस नवे लायनर आणि दुसऱ्या बाजूस जुने ठेवणे म्हणजे हाताने नवा दोष निर्माण करणे. ऑइल किंवा ग्रीस शोषलेले लायनर पॉलिश कागदाने घासून पुन्हा बसवू नये; ते बदलावेच.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्या ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलण्याची शिफारस केली जाते. जुन्या गाड्यांत मात्र ते वर्षानुवर्षे ‘थोडे घाल’ या न्यायाने नुसते वाढवले जाते. ब्रेकमधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो श्वासाबरोबर जाणे घातक असते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्रेक लावताच ओढणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत मालवाहतुकीस काढू नये. यास अपवाद नसावा.

पाटे, बुश आणि सांधे

टायर आणि ब्रेक निर्दोष ठरल्यावर गाडीच्या खाली उतरावे लागते. येथे सुरक्षेचा नियम आधी : गाडी कठीण, सपाट जमिनीवर उभी करावी, न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये, भक्कम घोडी लावल्याशिवाय हे काम सुरूच करू नये.

पुढचे चाक अधांतरी करून ते वर-खाली दोन्ही हातांनी धरावे आणि हलवावे. खेळ जाणवला तर हबचे बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन यांपैकी काही झिजले आहे. मग तेच चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे. या वेळी खेळ जाणवला आणि आधी जाणवला नव्हता, तर टाय रॉडचे टोक किंवा स्टीअरिंगचे इतर सांधे संशयित ठरतात. एकाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. झिजलेला सांधा बोटाला कळतो.

खालच्या आर्मचे रबरी बुश हा जुन्या गाडीचा छुपा शत्रू. रबर फाटले की ब्रेक दाबताच चाक किंचित मागे सरकते आणि गाडी त्या बाजूस झुकते. ब्रेक नवे केले तरी ओढणे राहते, तेव्हा बुशाकडे पाहावे. नवे बुश बसवतानाही एक चूक नित्य घडते. चाके हवेत लटकत असतानाच बोल्ट आवळले जातात. गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते, ते सतत एका बाजूस जोर देते आणि आयुष्यही अर्ध्यावर येते. गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच तो बोल्ट शेवटचा आवळावा.

पाट्यांच्या गाडीत आणखी एक विशिष्ट दोष संभवतो. पाट्यांचा जुडगा आसाला यू-बोल्टांनी आवळलेला असतो आणि मधला सेंटर बोल्ट आसाला जागेवर ठेवतो. यू-बोल्ट सैल राहिले तर सेंटर बोल्टावर सारा ताण येऊन तो तुटतो आणि आस मागे-पुढे सरकतो. मागचा आस सरकला तर गाडी कुत्र्यासारखी तिरकी पळते. मागून पाहणाऱ्याला ते स्पष्ट दिसते. याची तपासणी घरच्या घरी, मोजपट्टीने होते. चाके सरळ ठेवून डाव्या बाजूस पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि मग उजव्या बाजूचे. दोन्ही आकडे जवळपास जुळले पाहिजेत. अंतरात बोटभर फरक दिसला तर कोणताही अलाइनमेंट यंत्रचालक त्यावर उपाय करू शकत नाही; आधी आस जागेवर यावा लागतो.

त्याच मोजपट्टीने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस मोजावी. एक बाजू बसलेली असेल तर पाटा, कॉइल किंवा टॉर्शन बार थकला आहे. अपघातात सापडलेल्या गाडीची चॅसी वाकलेली असू शकते. सपाट फरशीवर गाडी उभी करून चॅसीच्या ठरावीक जागांवरून ओळंबा सोडावा, खडूने खुणा कराव्यात आणि कर्णरेषा मोजाव्यात. गवंडी खोलीचा काटकोन याच रीतीने तपासतो. कर्ण जुळले नाहीत तर चॅसी तिरकी आहे. स्टीअरिंग बॉक्स जेथे चॅसीला जोडलेला असतो तेथील पत्र्यास चीर गेली आहे काय, हेही दिवा लावून पाहावे. ही चीर धुळीखाली लपते आणि तिचा परिणाम केवळ ओढण्यावर थांबत नाही.

वळण घेतल्यानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल आणि गाडी शेवटच्या वळणाच्या बाजूलाच ओढत राहत असेल, तर एखादा सांधा जखडला आहे. ग्रीस न मिळालेली किंग पिन हे त्याचे जुने कारण. गाडीस पॉवर स्टीअरिंग असेल तर पुढची चाके उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे. स्टीअरिंग हात न लावता स्वतःच फिरू लागले तर दोष त्याच्या आतील व्हॉल्व्हचा. चाकांना बोल लावण्यात अर्थ नाही.

अंशांचे गणित

येथवरची सारी तपासणी झाल्यावरच अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी न्यावी. तेथे तीन शब्द ऐकू येतात : कॅम्बर, कॅस्टर आणि टो. त्यांचा अर्थ कळला तर मालकाची फसगत होत नाही.

रुपयाचे नाणे जमिनीवर घरंगळत सोडले तर ते ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस वळते. चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर किती कललेले आहे, त्या मापास कॅम्बर म्हणतात. दोन्ही चाके बाहेर सारखीच कललेली असतील तर दोघांचे जोर एकमेकांस छेद देतात. एक अधिक बाहेर कलले की गाडी त्या बाजूस ओढते.

कॅस्टर समजून घ्यायचा तर सायकल पाहावी. सायकलचा पुढचा दांडा मागे झुकलेला असतो, म्हणून वेग घेतल्यावर हात सोडला तरी चाक सरळ राहू पाहते. गाडीतही चाक ज्या आसाभोवती वळते तो आस मागे झुकलेला असतो. हा झुकाव दोन्ही बाजूंस सारखा नसेल तर ज्या बाजूस तो कमी, त्या बाजूस गाडी ओढते. बसलेला पाटा, फाटलेला बुश आणि सरकलेला आस हे सारे कॅस्टर बिघडवतात.

टो म्हणजे दोन्ही चाकांची नाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून किती वळलेली आहेत, ते माप. आश्चर्य असे की सर्वांत जास्त दुरुस्त होणारा हा टो गाडीच्या ओढण्यास क्वचितच कारण असतो. तो चुकला तर टायर खातो. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे. अनेक ठिकाणी पिकअपची ‘अलाइनमेंट’ म्हणजे केवळ टो सारखा करणे आणि स्टीअरिंग सरळ बसवून देणे एवढेच असते. त्याने चालकाची तक्रार जाणार तरी कशी?

म्हणून यंत्रावर गाडी घेतल्यावर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे तिन्ही आकडे छापून मागावेत आणि गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. डाव्या-उजव्या कॅम्बर किंवा कॅस्टरमध्ये साधारण अर्ध्या अंशाहून अधिक फरक असेल तर त्याचे कारण विचारावे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत पातळ पत्र्याच्या शिम किंवा विकेंद्री बोल्ट यांनी हे कोन बदलता येतात. सरळ आसाच्या गाडीत कॅस्टरसाठी पाटा व आस यांच्यामध्ये पाचर घालतात. कॅम्बर चुकला असेल तर आस वाकला आहे किंवा किंग पिन झिजली आहे असेच समजावे. वाकलेला भाग तापवून सरळ करून देण्यास कोणी तयार झाले तरी नाकारावे. तापवल्याने पोलादाचे बळ जाते. स्टीअरिंगचा भाग बदलणे हाच मार्ग.

भार कसा रचावा?

रिकामी असताना सरळ जाणारी आणि भरल्यावर ओढणारी गाडी हौद्याकडे बोट दाखवते. पोती चढवताना हमाल ज्या बाजूस उभे राहतात, त्या बाजूस नकळत अधिक थर लागतात. वर्षानुवर्षे असे झाल्यास त्या बाजूचे पाटे आधी बसतात. भार दोन्ही बाजूंस समान आणि शक्यतो मागच्या आसाच्या पुढे रचावा. माल फार मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंगची रस्त्यावरील पकड सुटते. ‘एक पाटा जास्त घाला’ हा उपाय लोकप्रिय आहे. पण त्याने गाडीची क्षमता वाढत नाही. ब्रेक, हब आणि चॅसी तेवढीच राहतात. एकाच बाजूस जास्तीचा पाटा घातला तर गाडी रिकामी असतानाही तिरकी उभी राहते.

मालक, मिस्त्री आणि चालक

दुरुस्तीनंतरचे काम अनेकदा विसरले जाते. सांध्यांच्या नटांतील स्प्लिट पिन जुनी पुन्हा वापरू नये. नवे यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत, कारण पाटे बसले की ते सैल होतात. ग्रीसचे निपल असलेल्या सांध्यांना ठरलेल्या अंतराने ग्रीस द्यावे. शेवटी त्याच सपाट जागेवर, त्याच परीक्षेने गाडी पुन्हा चालवून पाहावी, आणि त्या वेळी स्टीअरिंगवर रोजचा चालकच असावा.

आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या एका दिवसापुरती गाडी नीट करून घेण्याची वृत्ती अनेकांत असते. परंतु प्रमाणपत्र हे वर्षातील एका दिवसाचे चित्र असते. उरलेल्या दिवसांचा साक्षीदार चालकच. खर्च करणारा एक आणि स्टीअरिंग धरणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. डाव्या खांद्यावर रात्रभर ताण घेऊन गाडी सरळ ठेवणाऱ्या माणसाला टायरची झीज किंवा जळालेले डिझेल यांचा हिशेब मांडता येत नसेल. पण गाडीत काहीतरी बिघडले आहे हे सर्वांत आधी त्याच्या हातांना कळते. तो परका असो वा घरचाच मुलगा, त्याची तक्रार टाळाटाळ मानली गेली की पुढच्या वेळी तो सांगणे सोडून देतो.

यासाठी एक साधी वही गाडीत ठेवावी. हवा कधी मोजली, टायर कधी बदलले, ब्रेक ऑइल केव्हा घातले, ग्रीस केव्हा दिले आणि चालकाने कोणत्या तारखेला काय सांगितले, इतके त्यात नोंदवावे. दुकानाच्या रोजमेळाची सवय असलेल्या घरांना ही नोंद जड जाऊ नये. पुढच्या वेळी ‘गाडी ओढतीया’ असे कानावर आले, की वहीत ती तारीख लिहावी आणि त्याच दिवशी, माल भरण्यापूर्वी, चारही चाकांची हवा मोजून कामास आरंभ करावा.